कळवळ्याचा हिशेब मागणारी इडा वेल्स

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्या सभांमधून ठरलेली नावे घेतली जातात. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर. पँथर या शब्दाशी तर आपले रक्ताचे नाते आहे. परंतु या सगळ्यांच्या कितीतरी आधी, एकटीच्या हिमतीवर गोऱ्या अमेरिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणाऱ्या इडा वेल्स यांचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही त्यांची ओळख झुंडबळींविरुद्ध लेखणी चालवणारी पत्रकार एवढीच असते. ही ओळख खरी आहे, पण अर्धी. उघड शत्रूशी त्या लढल्याच. त्याहून अवघड अशी एक लढाई त्या आयुष्यभर लढल्या, ती आपल्याच बाजूचे म्हणवणाऱ्यांशी. व्यासपीठावर समतेचा ठराव मांडायचा आणि स्वतःच्या संस्थेच्या दारात काळ्या माणसाला अडवायचे, अशा सज्जनांशी. या दुसऱ्या लढाईबद्दल आज लिहायचे आहे. कारण असे सज्जन कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाहीत, हे चळवळीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

इडाचा जन्म १६ जुलै १८६२ चा, मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज गावचा. आई-वडील गुलाम, म्हणून जन्मतः तीही गुलाम. यादवी युद्ध संपले, गुलामी कायद्याने गेली. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केली, त्या वर्षी ही मुलगी अकरा वर्षांची झाली होती. तिचे वडील जेम्स सुतारकाम करीत. नवा मताधिकार मिळाल्यावर ज्या गोऱ्या मालकाकडे ते कामाला होते त्याने सांगितले, मत माझ्या पक्षाला टाकायचे. जेम्सनी टाकले नाही. मतदान करून परत येतात तर कामाच्या जागेला कुलूप. हा माणूस मालकाच्या दारात गेला नाही, गिडगिडला नाही. बाजारात जाऊन स्वतःची नवी हत्यारे घेतली, दुसरे घर भाड्याने घेतले आणि बायकामुलांसह तिकडे राहायला गेला. आई तर मुलांच्या शाळेत जाऊन बसायची आणि बायबल वाचता येईपर्यंत त्यांच्याबरोबर शिकली. इडाची पहिली शाळा ही अशी घरातच होती.

१८७८ साली पीतज्वराची साथ आली. आई, वडील आणि सर्वांत धाकटा भाऊ काही दिवसांत गेले. इडा तेव्हा सोळा वर्षांची, मागे पाच भावंडे. वडील ज्या मेसन मंडळाचे सभासद होते त्यातले लोक घरी जमले. ते चांगलेच लोक होते आणि काळेच होते. त्यांनी बसून ठरवले की दोन लहान मुली अमक्यांच्या घरी द्यायच्या, मुलगे काम शिकायला ठेवायचे, आणि अपंग असलेली युजिनिया कुणालाच नको म्हणून तिला अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रमात पाठवायचे. सगळी वाटणी झाली. घरातल्या मोठ्या मुलीला मात्र कुणी काही विचारले नाही. तिने ऐकून घेतले आणि सांगितले की घर आमचे आहे, भावंडे एकत्र राहतील, मला फक्त काम मिळवून द्या. महिना पंचवीस डॉलरवर तिला खेड्यातल्या शाळेत मास्तरकी मिळाली. खेचरावर बसून ती जा-ये करायची. ज्यांच्या भल्याचा निर्णय घ्यायचा त्यांनाच न विचारता बैठक उरकायची, हा प्रकार तिने पुढे मोठमोठ्या संस्थांत पाहिला. पण पहिल्यांदा पाहिला तो आपल्याच घराच्या ओसरीवर.

पुढे मेम्फिस शहर. रेल्वेत बायकांच्या डब्याचे तिकीट असताना कंडक्टर ओढून बाहेर काढू लागला तेव्हा इडा वेल्स त्याच्या हाताला कडकडून चावल्या. रेल्वे कंपनीवर खटला भरला. १८८४ मध्ये खालच्या न्यायालयात जिंकल्या, पाचशे डॉलर भरपाई मिळाली. १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि उलट खर्चही त्यांच्यावरच लादला. काळ्यांच्या शाळांच्या दुरवस्थेबद्दल लिहिले म्हणून १८९१ मध्ये शिक्षिकेची नोकरी गेली. तोवर ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या त्या भागीदार आणि संपादक झाल्या होत्या.

९ मार्च १८९२. मेम्फिसमध्ये थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट या तिघांना तुरुंगातून काढून झुंडीने ठार मारले. गुन्हा काय? काळ्यांच्या वस्तीत त्यांनी ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे किराणा दुकान चालवले आणि ते शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला भारी पडू लागले. मॉस हा पोस्टमन, इडा वेल्स यांचा जिवलग मित्र. त्याच्या मुलीच्या त्या धर्ममाता. त्यांनी आपल्या पत्रातून लोकांना सांगितले की हे शहर आपले नाही, सोडा. हजारो लोक मेम्फिस सोडून गेले. उरलेल्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. कंपनीचा धंदा बसला तेव्हा कंपनीचे साहेब स्वतः ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत आले. कंपनी उत्तरेकडच्या मालकांची आहे, त्या हत्याकांडाशी आमचा काय संबंध, असे त्यांचे म्हणणे. संपादिकेने शांतपणे दाखवून दिले की मालक उत्तरेचे असतील, गाड्या चालवणारे आणि हुकूम सोडणारे मेम्फिसचेच आहेत, आणि झुंडीविरुद्ध त्यातल्या एकानेही तोंड उघडलेले नाही. धंदा बुडाल्यावर आठवणारी माणुसकी त्यांनी अशी उंबऱ्यातूनच परत पाठवली.

मे महिन्यात त्यांनी लिहिले की गोऱ्या स्त्रियांवरच्या अत्याचाराची जी सबब झुंडीला दिली जाते ती बहुतेक वेळा खोटी असते. त्या बाहेरगावी असताना २७ मे रोजी कचेरी आणि छापखाना उद्ध्वस्त झाला. परत आलात तर जिवंत राहणार नाही, असा निरोप मिळाला. न्यूयॉर्कमध्ये राहून त्यांनी आकडे गोळा केले, तेही गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून, म्हणजे खोटे ठरवायला जागा नको. त्याच वर्षी निघालेल्या ‘सदर्न हॉरर्स’ या पुस्तिकेत त्यांनी दाखवले की आधीच्या आठ वर्षांत झुंडीने मारलेल्या ७२८ काळ्या माणसांपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी होता. बाकीचे मारले गेले ते भांडणासाठी, उलट बोलल्यासाठी, कधी काहीच नसताना. पुस्तिकेचा खर्च न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या काळ्या स्त्रियांनी सभा भरवून जमवलेल्या वर्गणीतून निघाला. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत पैसा कुणाचा हा प्रश्न येतो.

१८९३ साली त्यांना इंग्लंडहून बोलावणे आले. बोलावणारी कॅथरीन इम्पी ही क्वेकर पंथाची गोरी बाई. ती १८८८ पासून एक मासिक चालवीत होती आणि त्याचे नाव होते ‘अँटी-कास्ट’. होय, जातिविरोधी! वर्णभेदाला जात म्हणणारी ही बाई सॉमरसेटच्या एका लहान गावात बसून जगभरच्या काळ्या माणसांची बाजू मांडत होती. इम्पीची सहकारी इझाबेला मेयो हीदेखील वर्णभेदविरोधी. पण इम्पीने सिलोनहून आलेल्या एका सावळ्या, सुशिक्षित तरुणाला पत्र लिहून प्रेम कळवले, आणि मेयोबाईंचा संताप अनावर झाला. इम्पीला बहिष्कृत करा, नाहीतर माझी मदत बंद, असे त्यांनी इडा वेल्स यांना सांगितले. परक्या देशात, पैशाने परावलंबी असताना इडा वेल्स यांनी इम्पीची साथ सोडली नाही. मेयोंची मदत गेली. खरी सोबत कुणाची, हे त्या गोऱ्यांच्या गोऱ्या रंगावरून ठरवीत नसत, हे या प्रसंगावरून कळते. म्हणूनच त्यांनी ज्यांना नाकारले ते का नाकारले याला वजन येते.

त्याच वर्षी शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले. विवेकानंदांच्या भाषणामुळे शिकागो आणि १८९३ आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाचा भाग होती. जगभरच्या बंधुभावाचे गोडवे जिथे गायले गेले, त्या प्रदर्शनाच्या व्यवस्थापनात आणि दालनांत अमेरिकेच्या काळ्या नागरिकांना जवळजवळ स्थान नव्हते. ओरड झाली तेव्हा व्यवस्थापकांनी उदार होऊन एक दिवस देऊ केला, २५ ऑगस्ट, काळ्यांचा खास दिवस. त्या दिवशी कलिंगडे वाटण्याचा बेत होता. काळा माणूस म्हणजे कलिंगडावर तुटून पडणारा, ही तिकडची जुनी टिंगल. इडा वेल्स यांनी त्या दिवसावर बहिष्कार घातला. वृद्ध फ्रेडरिक डग्लस मात्र गेले आणि तिथे त्यांनी असे भाषण केले की टिंगल करणारे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी ते वाचून इडा वेल्स स्वतः डग्लस यांच्याकडे गेल्या आणि आपला अंदाज चुकला म्हणून माफी मागितली. मात्र दोघांनी मिळून केलेले खरे काम निराळेच होते. अमेरिकेतला काळा माणूस या प्रदर्शनात का नाही, हे सांगणारी पुस्तिका त्यांनी छापली आणि हैतीच्या दालनात बसून जगभरच्या पाहुण्यांना दहा हजार प्रती फुकट वाटल्या. त्या पुस्तिकेतले एक लेखक, वकील फर्डिनंड बार्नेट, यांच्याशी इडा वेल्स यांचे १८९५ साली लग्न झाले. लग्नानंतरही त्यांनी वेल्स हे नाव सोडले नाही, वेल्स-बार्नेट असे लावले.

आता येते फ्रान्सिस विलार्ड. ही बाई त्या काळच्या अमेरिकेत अत्यंत पूजनीय. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या प्रचंड संघटनेची अध्यक्षा, घराणे गुलामीविरोधी, स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती. काळ्यांच्या मैत्रीणपणाचे सगळे दाखले तिच्याजवळ होते. पण दक्षिणेत संघटना वाढवायची होती. दक्षिणेच्या गोऱ्या बायका काळ्या बायकांशेजारी बसणार नाहीत, तर त्यांच्या वेगळ्या शाखा काढल्या. आणि १८९० साली एका मुलाखतीत विलार्डबाई बोलून गेल्या की काळ्यांची संख्या टोळधाडीसारखी वाढते आहे, दारूचा गुत्ता हे त्यांच्या ताकदीचे ठाणे आहे, आणि त्यांच्यामुळे गोऱ्या घरांतल्या बायका-मुलांची सुरक्षितता धोक्यात आहे. म्हणजे झुंडी जी सबब सांगत होत्या तीच, फक्त सुसंस्कृत आवाजात!

१८९४ साली दोघीही इंग्लंडमध्ये होत्या. विलार्ड तिथल्या उमराव घराण्यातल्या लेडी हेन्री सॉमरसेट यांच्या पाहुण्या. सभांमधून इडा वेल्स यांना विचारले जाई, विलार्ड यांच्यासारख्या थोर बाईंची झुंडबळींबद्दल भूमिका काय? त्यांनी ती जुनी मुलाखत काढून तिथल्या मासिकात जशीच्या तशी छापायला दिली. स्वतःची टीका थोडकी, विलार्ड यांचेच शब्द भरपूर. मग काय विचारता! लेडी सॉमरसेट यांनी प्रसिद्धी थांबवण्यासाठी दडपण आणले. थेट डग्लस यांच्यापर्यंत तक्रारी गेल्या. विलार्ड यांची उलट मुलाखत छापून आली, तीत आपल्या गुलामीविरोधी घराण्याचा दाखला आणि इडा वेल्स यांच्या कटुतेबद्दल खेद. मूळ विधान मागे घेतले आहे काय, तर नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडच्या अधिवेशनात अध्यक्षीय भाषणातून विलार्ड यांनी इडा वेल्स यांचे नाव घेऊन त्यांनाच दोष दिला. गोऱ्या स्त्रियांची बदनामी करता, असा तो दोष होता.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या सगळ्या प्रकरणात आपल्या ओळखीचे पुष्कळ आहे. प्रश्न विचारला होता संघटनेच्या वेगळ्या शाखांबद्दल आणि छापलेल्या विधानाबद्दल. उत्तर आले ते आमच्या मनाच्या चांगुलपणाबद्दल आणि विचारणारीच्या स्वभावाबद्दल. आमचे आजोबा सुधारक होते, आमच्या घरी तुमच्या माणसांचा चहा वेगळ्या कपात नसतो, तुम्ही फार कडवट बोलता. चळवळीत काम केलेल्या कुणाही कार्यकर्त्याने हे संवाद ऐकले नसतील असे होणार नाही. इडा वेल्स यांनी १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’ या पुस्तकात, जिथे त्यांनी झुंडबळींची वर्षवार नोंद दिली, तिथेच विलार्ड यांच्या भूमिकेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. एकीकडे मेलेल्यांची यादी आणि दुसरीकडे हळहळ व्यक्त करणाऱ्या संघटनेचा व्यवहार, दोन्ही एकाच पुस्तकात.

सुझन अँथनी यांच्याशी त्यांचे वागणे यापेक्षा वेगळे होते, कारण माणूस वेगळा होता. स्त्री मताधिकाराच्या या वृद्ध नेत्या इडा वेल्स यांना आपल्या घरी पाहुणी म्हणून ठेवून घेत. अँथनींच्या लघुलेखिकेने काळ्या बाईचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला तेव्हा अँथनींनी तिला त्याच क्षणी कामावरून काढले. घरातली समता इतकी चोख. पण १८९५ मध्ये अटलांटाला मताधिकार संघटनेचे अधिवेशन भरले तेव्हा याच अँथनींनी डग्लस यांना तिथे न येण्याची विनंती केली, दक्षिणेच्या गोऱ्या बायका दुखावू नयेत म्हणून. डग्लस म्हणजे १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या सभेत, पुरुष म्हणून टिंगल होत असताना, स्त्रियांच्या मताधिकाराच्या ठरावाच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस. काळ्या बायकांनी आपली शाखा काढायला मदत मागितली, तीही अँथनींनी दिली नाही. हे सगळे त्यांनी आपल्या पाहुणीला प्रामाणिकपणे सांगितले आणि चुकले का असे विचारले. पाहुणीने होय म्हटले. मताधिकारासाठी चार माणसे मिळाली असतील, पण त्या गोऱ्या बायकांना आपला वर्णभेद योग्यच आहे हेही तुम्ही पटवून दिलेत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या घरी जेवलो त्या घरात बसून असे बोलणे सोपे नाही. अँथनींबद्दलचा आदर त्यांनी पुढेही ठेवला.

शिकागोत स्थायिक झाल्यावर ‘शिकागो ट्रिब्यून’ने काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या कराव्यात अशा सुराची लेखमाला सुरू केली. वेल्स-बार्नेट संपादकाला भेटायला गेल्या. त्याला आधी वाटले, ही बाई चर्चसाठी वर्गणी मागायला आली असावी. काळ्या पालकांचे मत घ्यावे हे त्याच्या डोक्यातही आले नव्हते. आपल्या शब्दाला तिथे किंमत नाही हे ओळखून त्या हल हाऊसच्या जेन अ‍ॅडम्स यांच्याकडे गेल्या. अ‍ॅडम्स यांनी शहरातल्या वजनदार लोकांना बोलावले, एक समिती ट्रिब्यूनकडे गेली आणि लेखमाला थांबली. मैत्री अशी उपयोगाला आली. पण १९०१ च्या जानेवारीत याच अ‍ॅडम्स यांनी झुंडबळींच्या विरोधात लेख लिहिला तेव्हा त्यात बळी गेलेल्यांनी तो गुन्हा केलाच होता असे गृहीत धरले होते. वेल्स-बार्नेट यांनी त्याच नियतकालिकात, मे महिन्यात, आकड्यांनिशी उत्तर दिले. आधी लेखाबद्दल आभार, मग आधारच कसा खोटा आहे ते. मैत्रिणीची चूक म्हणून गप्प बसल्या नाहीत आणि चुकली म्हणून मैत्रीण तोडलीही नाही. विलार्डना एक न्याय, अ‍ॅडम्सना दुसरा, असे कुणाला वाटेल. फरक इतकाच की अ‍ॅडम्स यांनी दार बंद केले नव्हते.

१९०९ साली न्यूयॉर्कला जी परिषद भरली त्यातून पुढे एनएएसीपी ही प्रसिद्ध संघटना जन्मली. चाळीस जणांच्या समितीची नावे वाचली गेली आणि त्यात वेल्स-बार्नेट यांचे नाव नव्हते! सतरा वर्षे हा प्रश्न जगापुढे मांडणारी बाई वगळली. वगळणारे, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, डॉ. ड्युबॉईस, म्हणजे पुन्हा आपलाच माणूस. त्या सभागृहातून निघून गेल्या. मागाहून नाव घातले गेले, पण मन उठले होते. संघटनेच्या सुरुवातीच्या पदाधिकाऱ्यांत ड्युबॉईस एवढे एकच काळे होते आणि मुख्य सचिवपदावर काळा माणूस यायला १९२० उजाडले. तरी उतारवयात त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की तेव्हा रागावून बाहेर पडणे ही आपली चूक होती. आत राहून भांडायला हवे होते. हा कबुलीजबाब बहिष्काराइतकाच मोलाचा आहे. आपल्याकडे गटातून फुटणारे पुष्कळ, असे लिहून ठेवणारे विरळा.

आता त्यांच्या वस्तीतल्या कामाकडे येऊ. शिकागोच्या पामर हाऊसमध्ये एका चर्च-मंडळाचे भोजन होते. एका गोऱ्या वक्त्याने शहरातल्या काळ्यांच्या गुन्हेगारीचे आकडे मांडून चिंता व्यक्त केली. वेल्स-बार्नेट उठल्या आणि म्हणाल्या की दक्षिणेतून आलेल्या काळ्या तरुणाला या शहरात वायएमसीए खोली देत नाही, वाचनालय-व्यायामशाळा त्याला बंद, ख्रिस्ती मिशनांचे निवारे बंद. उघडी आहेत ती दारूची आणि जुगाराची दारे. मग तो कुठे जाईल? ऐकणाऱ्यांत ‘शिकागो डेली न्यूज’चे मालक व्हिक्टर लॉसन यांची पत्नी होती. आपले पती वायएमसीएला मोठाल्या देणग्या देतात आणि तिथे काळ्यांना प्रवेश नाही, हे तिला पहिल्यांदा कळले. तिने चौकशी केली, खरे निघाले. लॉसन यांच्या मदतीने १९१० साली स्टेट स्ट्रीटवर ‘निग्रो फेलोशिप लीग’चे वाचनालय उघडले. खाली वाचायची खोली, वर थोड्या पैशांत रात्रीचा निवारा, आणि नोकरी शोधून देण्याची सोय. शहरातल्या सगळ्यात बदनाम भागात मुद्दाम जागा घेतली होती, कारण ज्याला गरज तो तिथेच सापडणार. आर्कान्सातून जीव वाचवून आलेल्या स्टीव्ह ग्रीनला शिकागो पोलिसांनी परत पाठवायला काढले तेव्हा याच लीगने धावपळ करून त्याला सोडवले आणि कॅनडाला पोचवले.

१९१३ साली वायएमसीएने वाबाश अ‍ॅव्हेन्यूवर इमारत उघडली, खास काळ्यांसाठी. सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांची देणगी होती, काळ्या नागरिकांनीही वर्गणी दिली होती. शहरभर वाहवा झाली. त्या इमारतीचा पुढे हजारो तरुणांना उपयोग झाला, ते नाकारायचे कारण नाही. पण जुन्या इमारतींच्या दारांचे काय? ती बंदच राहिली, आणि आता बंद ठेवायला कारणही सापडले, तुमच्यासाठी वेगळे केले आहे ना! इकडे लीगला मिळणारी मदत आटली. आता वायएमसीए आहे, तुमची गरज काय, असा हिशेब. लीगच्या दारात येणारा तुरुंगातून सुटलेला, बेकार, रिकाम्या खिशाचा माणूस मात्र होता तसाच होता. वेल्स-बार्नेट यांनी शहराच्या न्यायालयात प्रोबेशन ऑफिसरची नोकरी धरली, महिना दीडशे डॉलर, आणि पगार लीगमध्ये ओतला. नोकरी १९१६ मध्ये गेली, लीग १९२० पर्यंत रेटली.

हे वाचताना आपल्याला १९३२ आठवल्याशिवाय राहत नाही. पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी जो संघ निघाला, पुढे हरिजन सेवक संघ झाला, त्याच्या सचिवांना बाबासाहेबांनी बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. एकेका अस्पृश्याला सुधारत बसू नका, विहिरी, शाळा, चावडी खुल्या करण्यासाठी नागरी हक्कांची मोहीम घ्या, आणि कामात अस्पृश्यांतील कार्यकर्ते घ्या, असा त्याचा आशय होता. पत्राची साधी पोच आली नाही. शिष्यवृत्त्या, आश्रम, चरखे सुरू झाले आणि कारभार सवर्णांच्या हाती राहिला. बाबासाहेब बाहेर पडले आणि १९४५ च्या ग्रंथात या संघाचा जमाखर्च त्यांनी जगापुढे मांडला. शिकागो आणि मुंबईत समुद्र आडवा होता, पण कळवळ्याची वही दोन्हीकडे एकाच पद्धतीने लिहिली जात होती.

वाबाशची ती इमारत उघडली त्याच वर्षाची, ३ मार्च १९१३ ची गोष्ट. वॉशिंग्टनला स्त्री मताधिकाराची भव्य मिरवणूक निघायची होती. वेल्स-बार्नेट यांनी जानेवारीत काळ्या स्त्रियांचा ‘अल्फा सफ्रेज क्लब’ स्थापन केला होता, त्याच्या प्रतिनिधी म्हणून त्या इलिनॉय राज्याच्या तुकडीबरोबर गेल्या. सरावाच्या वेळी निरोप आला की दक्षिणेच्या बायका बिथरतील, काळ्या स्त्रियांनी मागे, वेगळ्या तुकडीत चालावे. इलिनॉयच्या पुढारीणबाईंनी मान तुकवली. वेल्स-बार्नेट यांनी साफ सांगितले, चालेन तर माझ्या राज्याबरोबर. आणि त्या दिसेनाशा झाल्या. सगळ्यांना वाटले रागावून परत गेल्या. मिरवणूक पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर आली आणि बघ्यांच्या गर्दीतून एक बुटकी बाई शांतपणे पुढे आली, इलिनॉयच्या तुकडीत शिरली आणि चालू लागली. दोन्ही बाजूंना बेल स्क्वायर आणि व्हर्जिनिया ब्रुक्स या गोऱ्या मैत्रिणी, ज्यांनी आधीच तिची बाजू घेतली होती. दोन वर्षांनी याच क्लबच्या बायकांनी घरोघर फिरून मते जमवली आणि ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले काळे नगरसेवक झाले. (मिरवणुकीनंतर चारच महिन्यांनी, १९१३ च्या जुलैत, भीमराव आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला.)

२५ मार्च १९३१ रोजी शिकागोत इडा वेल्स-बार्नेट वारल्या. आदल्या वर्षी त्या राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहून पडल्या होत्या. १८९८ मध्ये त्यांनी अध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटून केंद्र सरकारने झुंडबळी रोखण्याची मागणी केली होती. झुंडबळींविरोधी केंद्रीय कायद्यावर सही व्हायला २९ मार्च २०२२ उजाडले. तस्कीगी संस्थेच्या नोंदीप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात ३,४४६ काळी माणसे अशी मारली गेली. २०२० च्या मे महिन्यात इडा वेल्स यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान जाहीर झाला आणि त्याच महिन्यात जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता. नंतर अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनी वर्णसमतेच्या घोषणा केल्या, खाती उघडली, अधिकारी नेमले. २०२३ पासून वारे फिरले तसे त्यातल्या पुष्कळांनी ती खाती गुंडाळायला घेतली.

आत्मचरित्र लिहायला त्यांना एका तरुण मुलीने भाग पाडले. एका सभेत तिने त्यांची तुलना जोन ऑफ आर्कशी केली होती, पण तुलना का केली हे तिला सांगता येईना, कारण इडा वेल्स यांनी नेमके काय केले हे तिला ठाऊकच नव्हते. त्या लिहायला बसल्या. पुढे १९३० च्या जानेवारीत, काळ्यांच्या इतिहासावरील एका गाजलेल्या पुस्तकाची चर्चा ऐकायला त्या गेल्या. पुस्तक कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकाराचे होते आणि झुंडबळींविरुद्धच्या त्यांच्या लढ्याचा त्यात उल्लेख नव्हता. आत्मचरित्राचा मजकूर एका वाक्याच्या मध्येच तुटला आहे. मुलगी अल्फ्रेडा डस्टर यांनी ती पाने सांभाळली, प्रकाशकांचे उंबरे झिजवले, आणि १९७० साली शिकागो विद्यापीठाने पुस्तक छापले, ते अर्धे वाक्य होते तसे ठेवून.